कादंबरीतली आई माफी मागते, पण कशाची?

पत्र

ताई,

मी एकोणतीस वर्षांची आहे. लातूरला राहते, एका शाळेत शिकवते. थोडंफार लिहिते, दोन कथा दिवाळी अंकांत आल्या आहेत. आईचं आणि माझं कधी जमलंच नाही. ती वेळेवर वाढते, आजारी पडले तर रात्रभर उशाशी बसते, पण जवळ घेत नाही. सहावीत असताना अनंत चतुर्दशीला मैत्रिणींबरोबर मिरवणूक बघायला गेले आणि साडेनऊला घरी आले. आईने दारातच, सगळ्या गल्लीसमोर, माझ्या कानशिलात मारली. नंतर एक शब्द बोलली नाही. बाबा घरीच होते. ते एसटीत कंडक्टर होते, पण अनंत चतुर्दशीला कायम घरी असायचे. तेही काही बोलले नाहीत. ती थप्पड मी विसरलेले नाही.

यंदा उन्हाळ्यात चाळिशीचा एक माणूस घरी आला. आईच्या पाया पडला, 'काकू' म्हणाला. आई त्याच्याकडे बघतच राहिली आणि म्हणाली, 'कपाळावरची खोक अजून दिसती की रे.' मी त्याला कधीच पाहिलं नव्हतं. त्याने पिशवीतून सातबारा काढला. किल्लारीजवळच्या एका गावातली जमीन, आणि त्यावर एका बाईचं नाव. ते आईचं माहेरचं नाव नव्हतं, आत्ताचंही नव्हतं. त्याला हक्कसोडपत्रावर आईची सही हवी होती. आईने कागद घेतले, देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवले आणि त्याला जेवू घातलं.

पुढचं मावशीकडून कळलं. आईचं पहिलं लग्न १९९० साली झालं होतं. नवरा, सासू आणि अडीच वर्षांची मुलगी १९९३च्या भूकंपात गेले. आजोबा आजारी म्हणून आई दोन दिवसांसाठी माहेरी, अहमदपूर तालुक्यात आली होती. मुलगी गणपती शिरवायला जायचं म्हणून हट्ट धरून आजीपाशी राहिली. दीड वर्षाने माझ्या बाबांशी लग्न लावून दिलं. मावशी म्हणाली, 'तुझी माय लई भोगून आलीय, तिला काही इचारू नको.'

धाकटा भाऊ म्हणतो, आईने आपल्याला फसवलं. आणि हेही म्हणतो की जमीन सोडायची नाही. मी तीन महिन्यांत सत्तर पानं लिहिली आहेत. कादंबरी आहे. मुलगी आईचा लपवलेला भूतकाळ शोधून काढते, शेवटी आई तिच्यापुढे रडते, माफी मागते. नावं बदलली आहेत. आईला यातलं काहीच माहीत नाही. आम्हाला कळलंय हेसुद्धा नाही.

तिला विचारू का? कादंबरी पुरी करू का? मला तिचा राग येतो आणि त्या रागाची लाजही वाटते.

एक वाचक, लातूर

उत्तर

आधी सरळ उत्तर देते, कारणं मागाहून. आईशी बोल. विचारायला म्हणून जाऊ नकोस, सांगायला जा. 'मला कळलंय' एवढं तिला सांग. आणि ते होईपर्यंत कादंबरीचं एकाहत्तरावं पान लिहू नकोस.

तुझ्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी अडले. शेवटी आई माफी मागते, असं तू लिहिलंयस. कशाची मागते? आजारी बापाला बघायला माहेरी गेली याची? वाचली याची? पुन्हा संसार मांडला आणि तुम्हा दोघांना वाढवलं, याची? तुला लिहिता येतं, माणसंही कळतात, म्हणून स्पष्ट बोलते. त्या सत्तर पानांत तू आईवर खटला भरला आहेस, निकालही लिहून ठेवला आहेस, आणि जिच्यावर खटला आहे तिला अजून साधा निरोपही धाडलेला नाहीस.

राग का येतो ते मला समजतं. लहानपणापासून तू एका बंद दारासमोर बसली होतीस. दाराआड काही आहे हे तुला कळत होतं आणि तुझी समजूत अशी झाली की आई दार उघडत नाही ते आपल्यामुळे. आता कळलं की दाराआड दुसरं एक घर होतं, दुसरी एक लेक होती. राग येणारच. पण तुझ्या आईने नेमकं काय सोसलं, हे तू ज्या माहितीवर ठरवते आहेस ती मावशीच्या चार वाक्यांइतकीच आहे. तुझा जन्म भूकंपानंतरचा. म्हणून त्या दिवसांचं थोडं सांगते.

२९ सप्टेंबर १९९३ला रात्री गावोगाव गणपती शिरवून माणसं उशिरा घरी आली आणि झोपली. ३० तारखेला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. अंबाजोगाईला आम्ही अंथरुणातून उठून रस्त्यावर आलो होतो, पण नेमकं कुठे काय झालंय हे दिवस वर आल्यावरच कळायला लागलं. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतली ५२ गावं होत्याची नव्हती झाली. सरकारी नोंदीत मृतांचा आकडा आठ हजारांच्या घरात आहे, लोक दहा हजार म्हणतात. आपल्याकडची जुनी घरं तू पाहिली असशील. दगड-मातीच्या दोन-अडीच फुटी भिंती, वर लाकूड, आणि त्यावर मातीचं माळवद. पाऊस गळू नये, उन्हाळ्यात गारवा राहावा म्हणून त्यावर वर्षानुवर्षं मातीचे थर चढवलेले. ते सगळं वजन झोपलेल्या माणसांवर आलं. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ ही नावं तेव्हापासून आपल्याकडे कुणी सहज घेत नाही.

एक गोष्ट तुला बहुतेक माहीत नसेल. आदल्या वर्षी, १९९२च्या ऑक्टोबरात, किल्लारी भागात भूकंपाचे धक्के बसले होते. लोक घाबरले, बाहेर झोपले, आणि मग कामधंद्याला लागले. करणार काय? गाव सोडून जाणार कुठे? म्हणजे तुझ्या आईने ते धक्के त्याच गावात, दीड वर्षाची लेक कडेवर घेऊन सोसलेले असणार. धोका तिला ठाऊक होता. आणि पुढच्या वर्षी ती दोन दिवसांसाठी बाहेर पडली तेव्हा लेक मागे राहिली. लेकीचा हट्ट मोडून तिला सोबत नेता आलं असतं, असं तिला वाटत आलं असेल का? मला वाटतं, असेल. आपली माणसं गेली आणि आपण उरलो, ही बोच अशा लोकांना पोखरत राहते. ती बोलून दाखवायची सोय नसते, कारण समोरचा पटकन म्हणतो, 'नशीब तुझं, वाचलीस.'

त्यानंतर पाऊस लागून राहिला. पडलेल्या घरांच्याच लाकडांवर सामुदायिक अंत्यसंस्कार करावे लागले. तुझी आई अहमदपूरहून पोहोचली तेव्हा तिला त्यांचे चेहरे बघायला मिळाले का? तू पत्रात लिहिलेलं नाहीस, मावशीनेही सांगितलेलं दिसत नाही. पण कादंबरीत हा प्रसंग तू लिहिला असशील, तर तो मनाने रचलेला आहे. तो खरा कसा झाला, हे जिला माहीत आहे ती तुझ्या घरात रोज सकाळी चहा करते.

आता भावाचा शब्द घेऊ. 'फसवलं.' कुणाला फसवलं? बाबांना माहीत होतं. मावशीला माहीत होतं, आजोळच्या सगळ्या माणसांना माहीत होतं. दिराच्या मुलाला तुमचं घर सापडलं, म्हणजे त्या गावालाही माहीत आहे. फक्त तुम्हा दोघांना सांगितलं नव्हतं, आणि ते एकट्या आईने ठरवलं असेल असं मला वाटत नाही. भूकंपानंतर त्या भागात एकेकटी उरलेली माणसं खूप होती. त्यांची लग्नं घाईने जुळवली गेली. विशी-बाविशीची विधवा लेक घरात, बाप आजारी. आजोळी काय बोलणं झालं असेल ते तुला सहज सुचेल. 'आता ते घर विसर. नव्या घरी मागचं काढू नको. लेकरं झाली की सगळं नीट होतंय.' पाट लावलेल्या बाईकडे आपला समाज कसा बघतो हेही तुला माहीत आहे. नव्या सासरी तिने पहिल्या लेकीचं नाव काढलं असतं तर किती जणांनी ऐकून घेतलं असतं?

आणि एक सांगते. त्या माणसांचा एक तरी फोटो तुमच्या भिंतीवर आहे का? नसणारच. आपल्याकडे अनंत चतुर्दशी झाली की पितृपक्ष लागतो. घरोघरी पित्तर घालतात, पण ते त्या घराण्याच्या पितरांचं. तुझ्या आईने तिच्या पहिल्या नवऱ्याला, सासूला, लेकीला घास कुठे ठेवायचा? बाबांच्या घरात त्यांना जागा नाही, आणि त्या गावात तिचं घर उरलेलं नाही. गेलेल्या माणसासाठी वर्षातून एक दिवस उघड रडायची सोय आपल्या रीतीत आहे, तीही तिला मिळाली नाही. शिवाय तिथी वेगळी, तारीख वेगळी. किल्लारीला दरवर्षी ३० सप्टेंबरला स्मृतिस्तंभापाशी मृतांना आदरांजली वाहतात. पण तिची लेक गणपती शिरवायच्या रात्री गेली, आणि ती रात्र दरवर्षी ढोल वाजवत दारावरून जाते. २०२४ साली अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला आली होती. तू सकाळी मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला शाळेत गेली असशील. त्या दिवशी आई घरी काय करत होती, आठवून बघ.

तू सहावीत होतीस तेव्हाचं साडेनऊ आता पुन्हा बघ. लेक गणपती बघायला गेली आणि अंधार पडून गेला तरी आली नाही. ती दारात उभी होती. किती वेळ उभी होती, तुला माहीत नाही. तू सुखरूप आलीस, तिने तुला मारलं आणि मग तिचं तोंडच मिटलं.

तुझ्या पत्रात आणखी एक ओळ आहे, तू सहज लिहून गेलीस. एसटीतला कंडक्टर, आणि अनंत चतुर्दशीला कायम घरी. गणपती उठायच्या दिवसांत एसटीत सुट्टी मिळणं सोपं नसतं, हे एसटीतल्या माणसाला विचार. त्यांनी दर वर्षी ती मागून घेतली असणार, ड्युट्या बदलून घेतल्या असणार, आणि कारण कुणाला सांगितलं नसणार. त्या दिवशी ते तुझ्या आईजवळ असायचे. तुमच्या घरात माया नव्हती असं तुझं पत्र म्हणतं. मला तुझ्याच पत्रात ती दिसली, म्हणून दाखवली.

याचा अर्थ तुझं दुखणं खोटं, असा लावू नकोस. अकरा वर्षांच्या पोरीला सगळ्या गल्लीसमोर मार बसला आणि का ते कुणी सांगितलं नाही. हा अन्याय होता. जवळ न घेणारी आई ज्या मुलीच्या वाट्याला येते, ती पुढे कुणी प्रेमाने हात धरला तरी बिचकते. हे सगळं तू आईला सांगायला हवंस, आणि सांगशीलही. फक्त पहिल्या दिवशी नको. पहिला दिवस तिचा असू दे.

मावशीच्या मायेबद्दल मला शंका नाही, पण 'इचारू नको' हे मला पटत नाही. आता गोष्ट बदलली आहे. तो पुतण्या येऊन गेल्यापासून तुझी आई दोन लेकरांच्या तोंडाकडे बघते आहे: यांना कळलं का? काय कळलं? काय वाटलं असेल? तुम्ही गप्प, ती गप्प. अशा गप्प बसण्यात माणूस स्वतःलाच वाईट ठरवतो. तिला यातून सोडवायचं काम तुझं आहे, कारण तुला माहीत आहे आणि तिला ते माहीत नाही.

कसं बोलायचं? सध्या श्रावण आहे, हेच दिवस बरे. गणपतीत हा विषय काढू नकोस, ३० सप्टेंबरच्या आसपासही नको. दुपारी ती शेंगा फोडत किंवा डाळ निवडत बसली असेल तेव्हा शेजारी खाली बस आणि तूही निवडायला लाग. हात कामात असले की एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, बोलणं सोपं जातं. भाऊ घरात नको. मग एवढंच म्हण: 'आई, ते दादा येऊन गेल्यावर मी मावशीला विचारलं. मला कळलं. तुला सांगावं वाटलं तर सांग, नाही वाटलं तर नको.' आणि पुढे गप्प बस. 'का नाही सांगितलंस' हे ओठावर येईल, ते गिळ. 'का' ने सुरू होणारा कुठलाही प्रश्न तिला उलटतपासणीसारखा लागेल.

ती कदाचित उठून स्वयंपाकघरात जाईल. कदाचित मावशीवर चिडेल. दोन दिवस तुझ्याशी बोलणार नाही. होऊ दे. तू नेहमीसारखी वाग, जेवायला बस, शाळेत जा. हे बोलणं एका दुपारी संपायचं नाही.

ती बोलायला लागली तर तुझ्याजवळ विचारायला एकच प्रश्न असू दे: तिचं नाव काय होतं? तुझ्या सगळ्या पत्रात त्या लेकराला नाव नाही, तू तिला 'मुलगी' म्हणतेस. मावशीने नाव सांगितलं नाही की तू विचारलं नाहीस, कोण जाणे. ती तुझी बहीण होती. आज असती तर चौतिशीची असती, तुझ्याआधी तिचं लग्न झालं असतं, दिवाळीला तिची पोरं तुमच्या घरी आली असती. आईच्या तोंडून ते नाव इतक्या वर्षांत किती वेळा निघालं असेल? ते ऐकायला समोर कुणी बसलंय, हेच तिला नवीन असेल.

बोलल्यानंतर तिची झोप उडाली, जेवण तुटलं, ती दिवसदिवस एका जागी बसून राहायला लागली, तर 'होईल हळूहळू' म्हणत बसू नका. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या नंबरवर फुकट आहे, तिथे मराठीत बोलता येतं. आई तयार नसेल तर आधी तूच फोन कर. आपल्या माणसाशी कसं वागावं हे विचारायलाही तो फोन चालतो. आणि तुझ्या स्वतःसाठीही कर. रागाची लाज वाटते असं लिहिलंयस, हे असं एकटीने ओढत राहू नये.

आता कादंबरी. तू वाट बघत असशील, हिने तो विषय कुठे टाकला.

लिहू नकोस असं मी म्हणणार नाही. आपल्या भागातल्या अशा घरांबद्दल लिहायलाच हवं. भूकंपाच्या बातम्या झाल्या, पुनर्वसनाचे अहवाल झाले, पण भूकंपानंतर दुसऱ्या घरी नांदायला गेलेल्या बायकांच्या लेकरांनी काय बघितलं, हे तुझ्याएवढं जवळून कुणाला माहीत असणार? पण त्या सत्तर पानांत दोन गोष्टी मिसळल्या आहेत, त्या वेगळ्या कर. थप्पड तुझी आहे. बंद तोंडाची आई, सुट्टीवरचे बाबा, सातबारा घेऊन आलेला पुतण्या, त्याच्या कपाळावरची खोक बघून आईचा बदललेला आवाज, हे तू डोळ्यांनी पाहिलं आहेस. ते लिहायला तुला कुणाची परवानगी नको. पहिलं लग्न, ती लेक, ती पहाट आणि त्यानंतरचे दिवस आईचे आहेत. ते तिने दिले तरच तुझे. नावं बदलून भागत नाही. लातुरात तुझं पुस्तक निघालं की तुमच्या गल्लीतली पहिली बाईच म्हणेल, ही तर कंडक्टरीणबाईंची गोष्ट. आणि सगळ्यात आधी वाचेल ती आई. आपल्या आयुष्यातली सगळ्यात वाईट रात्र तिने छापील पानावर, तुझ्या शब्दांत, गावाबरोबर वाचावी का?

तिने 'नको' म्हटलं तर तो 'नको' पाळ. मनापासून पाळ, रुसून नव्हे. तिचा भाग बाजूला ठेव आणि तुझा भाग लिही. माझं लेखिका म्हणून मत विचारशील तर तीच जास्त चांगली कादंबरी होईल. मुलीला सगळं कळतं आणि आई रडून मोकळी होते, हे सोपं आहे. मुलीला अर्धंच कळतं, आणि त्या अर्ध्यावरच तिला आईबरोबर एका घरात राहायचं असतं, हे अवघड आहे, आणि ते तुला माहीत आहे. तिने 'लिही' म्हटलं, तर लिहिलेलं तिला वाचून दाखव. सगळं. ती म्हणेल, आमच्या घराला दोनच खण होते, तू तीन कुठून काढलेस. असं काही म्हणाली तर ते लगेच दुरुस्त कर आणि पुढे वाचत राहा.

जमिनीचं आता. भावाला हे वाचून दाखवलंस तरी चालेल.

जमीन आईच्या पहिल्या नवऱ्याच्या नावावर होती आणि त्याची विधवा म्हणून तिचं नाव लागलं असेल, तर हिंदू वारसा कायदा १९५६च्या कलम १४प्रमाणे त्या हिश्श्याची ती पूर्ण मालक आहे. नवऱ्याकडून एकदा वारसाने आलेली जमीन पुढे दुसरं लग्न केलं म्हणून जात नाही. पण ती मालक आहे म्हणजे तीच मालक आहे. ती हयात असेपर्यंत त्या जमिनीचं काय करायचं हे ठरवायचा हक्क तुला नाही, भावाला नाही आणि बाबांनाही नाही. आईने आयुष्य लपवलं म्हणून रुसायचं आणि त्याच आयुष्यातून आलेली जमीन मात्र धरून ठेवायची, या दोन गोष्टी एका तोंडाने बोलू नयेत. भाऊ लहान आहे, गोंधळला आहे, त्याला धाकटा म्हणून समजावून सांग. पण सांग.

पुतण्या फसवायला आला असं मला वाटत नाही. तो पाया पडला, जेवून गेला. पण सहीची घाई करू नये. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदलं गेलं की ते मागे फिरवणं फार अवघड असतं. आधी तलाठ्याकडून आणि तहसीलमधून जुने फेरफार काढा, नाव कधी आणि कुठल्या नात्याने लागलं ते बघा. जुन्या नावाची बाई आणि तुझी आई एकच, याचं प्रतिज्ञापत्र लागेल. वकिलाचा खर्च नको असेल तर लातूरच्या न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७च्या कायद्याप्रमाणे बाईला तिथे मोफत सल्ला मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.

आणि आईला जमीन सोडायची असेल तर सोडू दे. ठेवायची असेल तर ठेवू दे. सही केली की त्या गावच्या कागदावरून तिचं नाव जाईल, आणि त्या गावात तिचं तेवढंच उरलंय. कागद देव्हाऱ्याखाली ठेवून ती इतके महिने थांबली आहे, त्याचं कारण पैसा नसेल असं मला वाटतं. पुतण्याला फोन करून सांग की काकूंचा निर्णय झाला की कळवू, दिवाळीपर्यंत थांबा. आणि कागदपत्रांसाठी आईबरोबर जायची वेळ आली तर बाबांना पाठव. तू किंवा भाऊ नको. त्यांना सगळं पहिल्यापासून माहीत आहे, तिला त्यांच्यासमोर काही समजावून सांगावं लागणार नाही.